कोणाला किती मतं पडली?

तेहतीस वर्षं मी बँकेत कॅशियर होते. १९८७ मध्ये काउंटरवर बसले, २०२० मध्ये उठले. एवढ्या वर्षांत एक गोष्ट अंगात मुरली. जे मोजलं ते लिहायचं, लिहिलं त्याखाली सही करायची, आणि दिवसाची कॅश टॅली झाल्याशिवाय घरी जायचं नाही. दहा रुपये कमी भरले तरी सगळ्या गड्ड्या पुन्हा सोडायच्या. दहा रुपये जास्त भरले तर जीवाला जास्तच घोर, कारण ते कोणाचे हे शोधायचं. त्यामुळे २०२२ साली आमच्या गावच्या वाचनालयाची निवडणूक लागली आणि मतमोजणीला माणसं हवी होती, तेव्हा माझं नाव पहिलं निघालं.

त्या संध्याकाळी मोजलेला एक आकडा मी तीन वर्षं कोणाला सांगितला नाही. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आमचं वाचनालय स्वातंत्र्याच्या आधीपासूनचं आहे. खाली देवघेव आणि वर्तमानपत्रांची खोली, वर एक लांबलचक हॉल. कार्यकारी मंडळ अकरा जणांचं, मुदत तीन वर्षांची. माझ्या आठवणीत तरी निवडणूक म्हणजे बिनविरोध. अर्ज माघारीच्या आदल्या संध्याकाळी जुनीजाणती मंडळी वाचनकक्षात बसायची, चहा यायचा, कोणीतरी कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवायचं आणि सकाळी बरोबर अकरा अर्ज शिल्लक राहायचे. २०२२ मध्ये ते जमलं नाही. चौदा जण उरले. त्यात एक तिशीचा मुलगा होता. स्पर्धा परीक्षेसाठी चार वर्षं पुण्यात राहून परत आलेला. त्याचं एकच म्हणणं होतं की वरचा हॉल रिकामा करून तिथे अभ्यासिका काढू, गावातल्या मुलांना खोलीभाड्यासाठी पुणं गाठायला नको.

मतदान दुपारी संपलं. आम्ही चौघांनी चार ते आठ मोजणी केली. एकाने मतपत्रिका उलगडायची, एकाने नावं वाचायची, दोघांनी दोन वेगळ्या कागदांवर रेघा ओढायच्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. शेवटी दोन्ही कागद जुळले. मी सवयीने खाली तारीख, वेळ घातली आणि सही केली. मावळत्या अध्यक्षांनी खाली जाऊन अकरा नावं वाचली. अकारविल्हे, म्हणजे कोण पहिला कोण अकरावा तेही कळू नये. टाळ्या झाल्या. मागून कोणीतरी विचारलं, ‘कोणाला किती मतं पडली?’ अध्यक्ष म्हणाले, ‘सगळी आपलीच माणसं आहेत. आकडे सांगून हरलेल्याला कशाला खजील करायचं?’ यावर पुन्हा टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मला ते बोलणं मोठ्या मनाचं वाटलं होतं.

आठवड्याभरात मतपत्रिका रद्दीत गेल्या. आमचा तक्ता कुठे गेला ते मला आजही माहीत नाही. इतिवृत्तात एवढीच ओळ आहे की मतदान शांततेत पार पडून खालील अकरा सभासद निवडून आले.

पण आकडा सांगितला नाही म्हणून गाव आकड्याविना राहत नाही. चार दिवसांत दोन आकडे फिरू लागले. एका बाजूचे लोक म्हणायचे की त्या मुलाला दोन मतांनी पाडलं, ती दोन मतंसुद्धा मुद्दाम बाद केली. दुसरीकडचे म्हणायचे, कसली दोन, चाळीस-पन्नासने पडला, कोणी विचारलंच नाही त्याला. दोन्ही खोटं होतं. मी मोजलं होतं. तो बारावा होता आणि अकराव्यापेक्षा सात मतांनी मागे होता.

एकदा सकाळी दूध केंद्रावर तो भेटला. म्हणाला, ‘काकू, तुम्ही मोजायला होतात ना. मला किती होती?’ मी म्हटलं, ‘अरे, अध्यक्षांनी सांगितली नाहीत, मी कशी सांगू?’ तो बरं म्हणाला आणि पिशवी घेऊन गेला. बँकेत आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं की एका खातेदाराची शिल्लक दुसऱ्याला सांगायची नाही. मी त्याच नियमाने वागले असं मला तेव्हा वाटलं. घरी आल्यावर लक्षात आलं की तो दुसऱ्याची शिल्लक विचारतच नव्हता. स्वतःच्याच खात्यात किती आहे एवढंच विचारत होता.

सात मतं म्हणजे काय होतं? म्हणजे त्याच्या अभ्यासिकेमागे जवळजवळ अर्धं वाचनालय उभं होतं. हे त्याला कळलं असतं तर तो तीन वर्षं थांबला असता, पुन्हा उभा राहिला असता. निवडून आलेल्या अकरा जणांना कळलं असतं तर हॉलचा विषय बाजूला सारताना त्यांनी दोनदा विचार केला असता. तसं काही झालं नाही. त्याने वर्षभरात वाचनालयात येणं सोडलं आणि पुढे कोल्हापूरला नोकरी धरली. वरच्या हॉलमध्ये बांधीव मासिकांचे गठ्ठे होते ते तसेच आहेत.

हरलेल्याला खजील करू नये ही भावना खोटी नसते, हे मी जाणते. आपल्याकडे तिला मोठी परंपरा आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक आठवा. सगळ्या महाराष्ट्रासाठी आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांसाठी असलेल्या या पदाचे मतदार साधारण हजाराच्या घरात असायचे, आणि कोणाला किती मतं पडली ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून यायचं. इंदिरा संतांसारख्या कवयित्रीला तिथे पराभव पत्करावा लागला, ही सल जुने वाचक अजून बोलून दाखवतात. मोठे लेखक मतं मागायला आणि मोजून घ्यायला तयार नसतात, म्हणून शेवटी संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाने घटना बदलली आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून अध्यक्षांची निवड एकमताने होऊ लागली. अरुणा ढेरे त्या पद्धतीने आलेल्या पहिल्या अध्यक्ष. त्यांच्या निवडीने मला आनंदच झाला होता. पण लेखकाला सन्मानाने बोलावणं वेगळं आणि संस्थेचा कारभार कोणी करायचा हे ठरवणं वेगळं. वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आपण कोणाचा सत्कार करायला निवडत नाही. तिथे अनुदान येतं, वर्गणी जमा होते, पुस्तकांची खरेदी होते. तिथे मत दिलं असेल तर ते मोजलं गेलं का, हे विचारायचा हक्क मत देणाऱ्याला आहे.

माझी पुतणी अमेरिकेत आहे, तिकडच्या मराठी मंडळाच्या समितीवर काम करते. तिला मी हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आत्या, इकडे हा प्रश्न फार जुना आहे. हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी अभियंत्याने १८७६ मध्ये सभा कशी चालवावी याचं एक नियमपुस्तक लिहिलं. त्याच्या सुधारित आवृत्त्या तिकडच्या असंख्य छोट्या संस्था आजही मानतात. त्यात म्हटलं आहे की मोजणी करणाऱ्यांचा अहवाल आकड्यांसह सभेत पूर्ण वाचायचा आणि इतिवृत्तात जसाच्या तसा उतरवायचा. हरलेल्यांना वाईट वाटेल म्हणून तो गाळायचा नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. आमच्या अध्यक्षांचंच वाक्य कोणीतरी तिकडेही बोललं असणार, त्याशिवाय हे लिहायची वेळ आली नसती.

आपल्याकडे तर उदाहरण शोधायला लांब जायला नको. २०१९ च्या लोकसभेच्या मोजणीला बँकेतून सूक्ष्म निरीक्षक म्हणून माझी ड्यूटी लागली होती. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष सतरा-सी नावाचा नमुना भरतो. यंत्रात एकूण किती मतं नोंदली गेली हे त्यात असतं आणि हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला त्याची प्रत द्यावी लागते. मोजणीच्या टेबलावर ते प्रतिनिधी आपापली प्रत घेऊन बसलेले असतात आणि यंत्रावरचा आकडा तिच्याशी ताडून पाहतात. त्या वर्षी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्याही, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापून दाखवणारे कागद, मोजून यंत्राशी जुळवल्या होत्या. शेवटी नमुना वीस, त्यात केंद्रवार प्रत्येक उमेदवाराची मतं. लाखांनी हरलेला असो की मूठभर मतं मिळालेला अपक्ष असो, त्याचा आकडा त्यात असतोच. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या एका प्रभागात दोघांना बरोबर ५,९४६ मतं पडली आणि ईश्वरचिठ्ठी काढावी लागली. चिठ्ठीत हरलेल्या उमेदवाराला केवढं दुःख झालं असेल! पण निदान त्याला सगळं माहीत होतं. आपल्याला कोणी चाळीस मतांनी पाडलं की दोन, या विचारात तो झुरला नाही.

आमच्यासारख्या संस्थेला आकड्यांची आणखी एक गरज असते, आणि ती निवडणूक होऊन गेल्यावर कळते. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेचं मंडळ बदललं की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम २२. त्याला कोणी हरकत घेतली की सुनावणी लागते. आमच्या २०२२ च्या चेंज रिपोर्टला एकाने हरकत घेतली. सभेची नोटीस होती, मतदारयादी होती, इतिवृत्त होतं. मतमोजणीचा तक्ता मागितला तेव्हा आमच्या मंडळाकडे दाखवायला काही नव्हतं. मतपत्रिका कधीच रद्दीत गेल्या होत्या. प्रामाणिकपणे झालेली निवडणूक होती, मी स्वतः मोजलेली, पण ती तशी झाली हे सिद्ध करणारा कागद आम्हीच हरवला होता. ते प्रकरण निस्तरायला वर्षाहून जास्त काळ गेला.

२०२५ मध्ये पुन्हा निवडणूक लागली. या वेळी मला निवडणूक अधिकारी व्हा म्हणाले. मी अट घातली, लेखी. प्रत्येक उमेदवाराची मतं सभेत वाचली जातील, सूचना फलकावर पंधरा दिवस लावली जातील, इतिवृत्तात उतरवली जातील, आणि मतपत्रिका सीलबंद करून पुढच्या निवडणुकीपर्यंत कपाटात राहतील. कपाटाच्या दोन किल्ल्या दोघांकडे, बँकेच्या स्ट्राँगरूमसारख्या. मंडळात कुरबुर झाली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘यानं गावात तट पडतील.’ मी म्हटलं, तट पडलेलेच आहेत, फक्त प्रत्येक तटाचा आकडा वेगळा आहे. शेवटी अट मान्य झाली.

सहाशे मतपत्रिका छापून घेतल्या. टेबलावर सही घेऊन दिल्या ३४७. पुण्या-मुंबईच्या सभासदांना टपालाने पाठवल्या ९. कोऱ्या उरल्या २४४. बेरीज सहाशे. इथपर्यंत छान. टपालाच्या नऊपैकी सहा परत आल्या. पेटी उघडली आणि मोजल्या तर ३४६.

एक कमी.

पुन्हा मोजल्या. पुन्हा ३४६. पेटी उलटी करून झटकली, टेबलाखाली पाहिलं, मतदानाच्या आडोशामागे पाहिलं, सह्यांचं रजिस्टर एकेक ओळ बोट ठेवून मोजलं. दिल्या ३४७, पेटीत ३४६. पाऊण तास गेला. उमेदवार खाली बसलेले, वर काय चाललंय म्हणून निरोपावर निरोप. मोजणीतला एक सहायक हळूच म्हणाला, ‘मॅडम, रजिस्टरवर ३४६ करू या का? एकाने काय होतंय?’ तो वाईट माणूस नाही. उशीर झाला होता आणि घरी लहान मूल आजारी होतं. पण कॅश कमी भरली तर कमी भरली असं लिहायचं असतं. ती स्वतःच्या खिशातून भरावी लागते, ते वेगळं, पण पुस्तकात जे आहे तेच दिसलं पाहिजे. मी तक्त्याच्या डोक्यावर लिहिलं: दिलेल्या ३४७, पेटीत मिळालेल्या ३४६, एक मतपत्रिका पेटीत आली नाही. खाली आम्हा चौघांच्या सह्या.

मग टपालाच्या सहा. एक उमेदवार म्हणाला, बाहेरगावची मतं वेगळी मोजा, वेगळी दाखवा, म्हणजे गावातल्या लोकांचं मत काय ते कळेल. मी नाही म्हटलं, आणि इथे माझं मत आकडे जाहीर करण्याइतकंच पक्कं आहे. ती सहा माणसं कोण हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सहाच्या सहा मतं एकालाच पडली असती तर सहा जणांचं गुप्त मत फलकावर लागलं असतं. कागदी मतपत्रिकांच्या काळात, मतदारांना धाकदपटशा होईल अशी भीती असेल तिथे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजण्याआधी एकत्र मिसळण्याची तरतूद निवडणूक नियमांत होती, ती याचसाठी. यंत्रं आल्यावर प्रत्येक केंद्राचा कल उघडा पडू लागला. म्हणून निवडणूक आयोगाने २००८ मध्ये अनेक यंत्रांची एकत्र बेरीज दाखवणारं टोटलायझर सुचवलं, आणि विधी आयोगानेही २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. ते अमलात आलं नाही. पण आपल्या टेबलावर तर कोणाची परवानगी लागत नाही. बाहेरची नावाची पाकिटं फोडून यादीवर खूण केली, आतली बिननावाची पाकिटं वेगळी केली, त्यातल्या सहा मतपत्रिका ३४६ मध्ये टाकल्या आणि पत्ते पिसावेत तसा सगळा ढीग मिसळला. झाल्या ३५२.

बाद झाल्या १४. नऊ जणांनी अकरापेक्षा जास्त नावांपुढे खुणा केल्या होत्या. तीन कोऱ्या होत्या. दोघांनी चेकवर करतात तशी खाली सुबक सही केली होती. त्या दोन बाजूला ठेवताना मला फार वाईट वाटलं. एवढ्या जबाबदारीने केलेलं मत, पण ओळख उघड झाली की ते धरता येत नाही. वैध राहिल्या ३३८. त्यांवर सगळ्या मिळून २,९६६ खुणा होत्या, म्हणजे माणशी नऊलाही थोड्या कमी. अकरा खुणा करायची मुभा असताना लोकांनी तेवढ्या केल्या नव्हत्या. डोळे मिटून पॅनेलच्या पॅनेल निवडून दिलं असं जे नेहमी बोललं जातं ते निदान आमच्या वाचनालयात खरं नाही, हे त्या एका बेरजेने मला कळलं. २०२२ मध्येही तसंच असेल. कोण सांगणार?

सोळा उमेदवार होते. पहिल्याला २८७, अकराव्याला १७१, बाराव्याला १६८. सगळ्यात शेवटी ३१. मी सगळे सोळा आकडे वाचले आणि त्याआधी हरवलेल्या एका मतपत्रिकेबद्दल सांगितलं. खोलीत एकदम शांतता झाली. मग बारावे आलेले गृहस्थच उठले. म्हणाले, ‘फरक तीनचा आहे आणि हरवलेली एक आहे. ती सापडून माझी निघाली तरी निकाल बदलत नाही. माझी हरकत नाही.’ आणि खाली बसले.

मी त्या वाक्यावर नंतर खूप विचार केला. आकडे झाकले असते तर त्यांना हे म्हणताच आलं नसतं. एक मतपत्रिका गहाळ आहे एवढीच बातमी बाहेर गेली असती आणि आठवड्यात त्या एकीच्या पन्नास झाल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला एक आजी नातसुनेला घेऊन आल्या. वय ऐंशीच्या पुढे. पर्समधून चार घड्या केलेली मतपत्रिका काढली आणि माझ्या हातात दिली. खुणा करून झाल्यावर ती घरी न्यायची पावती आहे असं त्यांना वाटलं होतं. ‘आता घ्या की,’ म्हणाल्या. ती आता मोजता येत नाही हे त्यांना समजावून सांगताना माझा घसा दाटून आला. मी ती न उघडता पाकिटात घातली, पाकिटावर तारीख घातली, त्यांची आणि माझी सही केली आणि तक्त्यावर त्याची नोंद केली. ३४७ जुळले.

इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं झालं. पुढचं झालं नाही.

३१ मतं मिळाली ते आमच्याच शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. इतिहास आणि मराठी शिकवायचे. वाचनालयातल्या जुन्या दोलामुद्रितांची, म्हणजे मराठी छपाईच्या सुरुवातीच्या काळातल्या पुस्तकांची, यादी त्यांनी एकट्याने दोन उन्हाळे बसून केली आहे. मी तक्ता मतांच्या उतरत्या क्रमाने लिहिला होता, त्यामुळे त्यांचं नाव सगळ्यात खाली. फलकावर लावल्याच्या तासाभरात कोणीतरी त्याचा फोटो काढून गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, आणि कोणीतरी शेवटच्या नावाभोवती लाल गोल काढून तो पुढे पाठवला. मला रात्री मैत्रिणीने दाखवला. मी जेवले नाही.

दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या मिसेसनी चहा केला. कोणीच विषय काढेना. शेवटी मीच म्हटलं, ‘सर, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. सभेत वाचण्याआधी पाच मिनिटं बाजूला बोलवून.’ ते म्हणाले, ‘ताई, एकतीस हा आकडा मला मान्य आहे. मी कोणाकडे मत मागायला गेलो नव्हतो. माझ्या नातवाने तो गोल पाहिला, ते मला सहन झालं नाही.’ मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, ‘तुम्ही नावं अशी उतरंडीने का लावली? मतपत्रिकेवर जशी होती तशीच ठेवायची. ज्याला आकडा बघायचाय त्याने नाव शोधावं. तळाला कोणीतरी असणारच, पण तळ फलकावर काढून दाखवायचं कारण नाही.’

मला हे सुचलं नव्हतं. लोकसभेच्या नमुना वीसमध्येसुद्धा उमेदवार मतपत्रिकेच्याच क्रमाने असतात. मी तो कागद हाताळला आहे, तरी माझ्या डोक्यात आलं नाही. मी घरी येऊन तक्ता मतपत्रिकेच्या क्रमाने लिहून काढला आणि फलकावरचा बदलला. फोटो तोवर फिरायचा तेवढा फिरून झाला होता.

म्हणजे मी आकडे लपवायच्या बाजूला गेले असं नाही. त्या घरातून परत येतानाही माझं म्हणणं तेच होतं आणि आजही तेच आहे. फक्त कसे सांगायचे यावर मी आधी पुरेसा विचार केला नव्हता, आणि त्याचा भुर्दंड एका सज्जन माणसाने भरला. आणि फारच लहान गट असेल तर मीही थांबेन. आमचं नऊ बायकांचं भिशी मंडळ आहे. तिथे चिठ्ठ्या टाकून खजिनदार निवडायची आणि आठ विरुद्ध एक असा निकाल सांगायचा, म्हणजे त्या एकीला भर वर्गात उभं करण्यासारखं आहे. तिथे नाव सांगावं, चिठ्ठ्या पाकिटात ठेवाव्यात, पुरे. पण तीनशे-चारशे लोक मत देतात तिथे ही सबब चालत नाही. गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, ज्ञातिसंस्था, नाट्यमंडळ, कोणतीही असो. सहकारी संस्था सरसकट माहिती अधिकाराखाली येत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थलप्पलम बँकेच्या निकालात म्हटलं आहे. तेव्हा तिथला सभासद बाहेरून अर्ज करून हा आकडा काढू शकेलच असं नाही. संस्थेनेच तो द्यायला हवा.

निवडणुकीनंतरच्या रविवारी मी कोल्हापूरला त्या मुलाला फोन केला. नंबर त्याच्या आईकडून घेतला. म्हटलं, ‘तू मला दूध केंद्रावर एकदा काहीतरी विचारलं होतंस.’ त्याला लगेच आठवलं. मी सांगितलं, अकराव्यापेक्षा सातच मतांनी मागे होतास. तो काही क्षण बोललाच नाही. मग म्हणाला, ‘काकू, मला वाटायचं साठ-सत्तर तरी असतील. माझे बाबा आजही मला म्हणतात, कशाला उभा राहिलास, कोण ओळखतं तुला.’ मी म्हटलं, तुझ्या बाबांनाही फोन करून सांगू का? तो म्हणाला, सांगा. मी त्याच दिवशी केला.

येत्या सप्टेंबरच्या वार्षिक सभेत घटनादुरुस्तीचा ठराव येतोय. मसुदा मी लिहिला आहे. प्रत्येक उमेदवाराला मिळालेली मतं, दिलेल्या, मिळालेल्या, बाद आणि कोऱ्या मतपत्रिकांचा ताळेबंद सभेत वाचणे. तो इतिवृत्तात घेणे आणि पंधरा दिवस फलकावर लावणे. नावं मतपत्रिकेच्या क्रमाने. टपालाची मतं इतरांत मिसळून. निकाल वाचण्यापूर्वी प्रत्येक उमेदवाराला त्याचा आकडा खासगीत सांगणे. मतपत्रिका तीन वर्षं सीलबंद.

सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदनासाठी मसुदा सरांकडे घेऊन गेले होते. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, आणि क्रमाच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. सहीचं म्हणाले, बघू, विचार करतो. कागद अजून त्यांच्याकडेच आहे.